एक जूनचा माणूस

पॅराग्वेत राहायला जायचं तर जन्माचा दाखला लागतो. एवढी साधी अट, आणि परतूरकडचा बियाण्यातला माणूस तिथेच आडवा होतो. सोयाबीनची उगवणशक्ती तो टक्क्यांत सांगेल. स्वतः कधी उगवला, ते विचारू नका.

नाही म्हणायला तारीख आहे. 1 जून 1978. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तीच, आधारवर तीच, पासपोर्टवर तीच. थोरल्या भावाची 1 जून, बायकोची 1 जून, मेहुण्याचीही 1 जून. शाळा जूनमध्ये भरायची. डोक्यावरून हात नेऊन पोराने पलीकडचा कान पकडला की गुरुजी त्याला सहा वर्षांचा ठरवत आणि जन्माला घालत. म्हणून तर दर 31 मेला सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते.

पण पॅराग्वेला गुरुजी चालत नाहीत. ग्रामपंचायतीच्या वहीत पाहावं तर घरी सुईण आली, नाळ पुरली, बारसं झालं, नोंद तेवढी राहिली. 1969 च्या कायद्याप्रमाणे वर्ष उलटलेल्या जन्माला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. म्हणजे पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने ‘मी जन्मलो’ असा अर्ज करायचा आणि त्याला ‘जन्माची नोंद आढळत नाही’ असा दाखला जोडायचा! जन्मस्थळ लिहायचं परतूर, जिल्हा जालना. तर 1978 साली जालना जिल्हाच नव्हता. तो झाला 1 मे 1981 ला, आणि तोवर परतूर परभणीत होतं. जिल्ह्याची जन्मतारीख पक्की, माणसाची नाही. एवढं करून दाखला मिळाला, की त्यावर राज्याचा शिक्का, मग दिल्लीचं अपोस्टिल. अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत 2005 साली आला, पॅराग्वे 2014 साली. पुढे स्पॅनिश भाषांतर, तेही तिथल्याच नोंदणीकृत भाषांतरकाराकडून. गुरुजींच्या अंदाजाला एवढा थाट! तोवर सोबत लागणाऱ्या पोलिसांच्या चारित्र्य दाखल्याची मुदत संपते, की पुन्हा पहिल्यापासून. आणि हे सगळं कशासाठी, तर आधी दोन वर्षांच्या तात्पुरत्या वास्तव्यासाठी. कायमचं त्यानंतर.

पॅराग्वेवर कशाला चिडायचं? त्यांनी एक कागद मागितला. चीड येते ती घरच्या कारभाराची. मत द्यायला, कर भरायला, कर्जाच्या कागदावर सही करायला याच माणसाची 1 जून बिनतक्रार चालते. थकबाकीची नोटीस तर अचूक घरपोच येते. तेव्हा ‘तुम्ही जन्मलात कशावरून’ असं कुणी विचारत नाही. वसुलीपुरता तो जन्मलेला असतो. चार पैसे कमवायला बाहेर पडला, की त्याने जन्म सिद्ध करावा.

1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच द्यावा लागणार आहे. घरी पाळणा हलला असेल तर 21 दिवसांच्या आत नोंद करून घ्या. तेवढ्यात केली तर फी लागत नाही.