पडेल तो गाजेल

लोहाऱ्याच्या बस स्थानकासमोर परवा एका छाव्याने मोटारसायकलचं पुढचं चाक उचललं. नंबर प्लेट दुमडलेली, आरसे काढून टाकलेले, दोस्त समोर मोबाइल धरून. चाक खाली यायच्या आधी छावाच खाली आला. संध्याकाळपर्यंत रील तालुकाभर फिरली, दुसऱ्या दिवशी हाताला प्लास्टर आणि चौकात फ्लेक्स. फ्लेक्सवर 'डॅशिंग' हा शब्द दोनदा. भावी नगरसेवक पाच.

पोराला नावं ठेवू नका. धंद्याची रीतच ती. अमेरिकेतला मोटारसायकल-कसरतबाज ईव्हल कनीव्हल 31 डिसेंबर 1967 ला लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेससमोरच्या कारंज्यांवरून उडाला आणि पलीकडे असा आदळला की कंबर, मांडी सगळं मोडलं. त्या आपटण्यानेच तो घरोघरी पोचला. 8 सप्टेंबर 1974 ला स्नेक नदीची दरी ओलांडायला वाफेच्या रॉकेटवर बसला, तर पॅराशूट आधीच उघडलं. वाऱ्याने मागे लोटलं आणि स्वारी निघाली त्याच काठाखाली उतरली. तरी त्याच्या नावाची खेळणी धडाक्यात खपली. गिनेस बुकात त्याच्या नावावर 433 हाडं मोडल्याची नोंद आहे. माणसाला हाडं 206! आमच्या गुत्तेदारांना हा हिशेब लगेच कळेल. एकच काम दोन-दोनदा दाखवायची त्यांना सवय आहे.

उलट जत्रेतला 'मौत का कुआ' बघा. उभ्या फळ्यांच्या भिंतीवर जुनी आरएक्स 100 गरगरते, फळ्या खडखडतात, वर उभ्या माणसाच्या पायाला हादरे बसतात. वेग कमी झाला की गाडी खाली, म्हणून ब्रेकचा प्रश्नच नाही. गडी हँडल सोडतो, आडवा बसतो आणि कठड्यावरून कुणी पुढे केलेली दहाची नोट अलगद ओढून नेतो. खेळामागून खेळ हेच. पडत नाही, हा त्याचा गुन्हा. बाहेरच्या पाटीवर 'मौत' हाताएवढ्या अक्षरात, गड्याचं नाव कुठेच नाही. त्याला कुणी फ्लेक्सही लावत नाही. पडला तर कदाचित श्रद्धांजलीचा लावतील.

आमच्या छाव्याच्या फ्लेक्सवर सगळे आहेत, फक्त बापाचा फोटो राहिलाय. तो घालून घ्या. 2019 पासूनच्या दुरुस्त मोटार वाहन कायद्यात पोरगं अठराच्या आतलं निघालं, तर 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ती बापाला.