उणे पाण्यातला गळ

ट्राउट हा थंड, स्वच्छ आणि वाहत्या पाण्याचा मासा. पाणी दहा ते सोळा अंशांचे असले की त्याची भूक खवळते, वीस ओलांडले की अन्नावरची वासना उडते आणि पंचविशीच्या पुढे जिवावरच बेतते. पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि ट्राउटला तर तोच सढळ हाताने लागतो. सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळिसावर गेला तरी पारावरची मंडळी 'औंदा काय तेवढं न्हाई' म्हणतात. जिल्ह्यात ट्राउट का नाही, हे यावरून समजावे.

मुळात हा मासा भारताचाच नव्हे. इंग्रजांना गळ टाकल्याशिवाय करमेना, म्हणून त्यांनी तो बोटीने मागवला. १८९९ साली काश्मीरसाठी निघालेली अंडी वाटेतच खराब झाली, १९०० ची खेप पोहोचली. निलगिरीसारख्या थंड हवेच्या ठिकाणीही साहेबामागोमाग ट्राउट गेला. सोलापूरजवळ साहेबाने १८७१ मध्ये हिप्परग्याचा एकरूख तलाव पुरा केला आणि तेवढ्यावरच तो थांबला.

ट्राउट धरण्याच्या खानदानी पद्धतीला फ्लाय फिशिंग म्हणतात. गळावर कोंबड्याची पिसे, हरणाचे केस आणि रेशमी धागा गुंडाळून एक खोटा किडा तयार करतात. तो इतका हलका असतो की फेकताच येत नाही, म्हणून दोरीच जड करतात आणि काठी डोक्यावरून मागेपुढे झुलवत तिच्या वजनावर किडा लांब नेऊन टाकतात. एवढ्यासाठी लहान विमानाने माणसे निर्जन रानातल्या लॉजवर जातात, गुडघाभर बर्फगार पाण्यात उभी राहतात, भला थोरला मासा धरतात, त्याच्यासोबत फोटो काढतात आणि त्याला सोडून देतात. हे सगळे पैसे देऊन. सोलापुरात लॉज म्हणजे एसटी स्टँडसमोरचा तिसरा मजला. तिथे 'गरम पाण्याची सोय' ही पाटी भर एप्रिलातही लटकत असते.

जिल्ह्यातला गळाचा खेळ चालतो तो प्रामुख्याने उजनीच्या काठाने. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि जलाशयाला यशवंतसागर नाव मिळाले. साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यातले ६३ टीएमसीहून थोडे जास्त पाणी हिशेबात मृत. म्हणजे पेपरात 'उजनी शून्यावर' असे छापून येते तेव्हाही धरणात निम्म्याहून जास्त पाणी असते, आणि त्यानंतरची मोजणी उणे चिन्हाने सुरू होते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती. उणे पाण्यात मासे धरण्याची कला जगात फार थोड्या लोकांना अवगत असेल.

या उण्याचा गळकऱ्याला एक फायदा होतो. दिवाळीत ज्या काठावर मोटारसायकल लावून गळ टाकता येतो, तोच काठ मे महिन्यात बराच लांब सरकतो आणि मधे भेगाळलेल्या गाळाचे मैदान उघडे पडते. पळसदेवचे बुडालेले जुने देऊळ वर येते, करमाळ्याकडे कुगावचा इनामदारांचा वाडा डोके काढतो. रानातली निर्जनता विकत घ्यायला परदेशात विमान लागते. इथे ती दुष्काळ फुकट देतो.

सामान थोडके. वेळूची काठी, तंगूस, गळ, शिशाचा तुकडा आणि तरंगायला मोरपिसाचा देठ किंवा टाकून दिलेल्या स्लिपरचा काप. मोर दोन्ही खेळांत आहे: तिकडे त्याच्या पिसाचे तंतू खोट्या किड्याच्या अंगावर चढतात, इकडे देठ पाण्यावर उभा राहतो. आमिष मात्र खरे असते, गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. माशाला फसवायचे, पण उपाशी ठेवून नव्हे, असा इथला रिवाज.

गळाला बहुधा लागते ती चिलापी. आफ्रिकेतला हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि असा रुळला की उजनीकाठी त्याला परका म्हणणारालाच लोक परका समजतील. चिलापीची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते. त्या दिवसांत ती खात नाही, त्यामुळे गळालाही लागत नाही. चिलापी आमिष धरते तेव्हा देठ आधी दोनदा थरथरतो, तिरपा होतो आणि मग चोरासारखा बाजूला सरकू लागतो. झटका तिथे द्यायचा. आधी दिला तर कणीक जाते, नंतर दिला तर गळही. वर आलेला मासा डोक्याकडून हात सरकवत, पाठीचे काटे मागे दाबून धरावा. उलटा धरणाऱ्याचा तळवा आठवडाभर ठणकतो.

नेमक्या त्याच क्षणी पाठीमागून आवाज येतो, "का बे, घावलं का काय?" हा सल्लागार प्रत्येक काठावर असतो. बहुतेकदा माळकरी असतो, मासे खात नाही, पण कुठे बसतात ते त्याला ठाऊक असते.

फोटोच्या लायकीचा इथला खरा मासा म्हणजे दख्खनचा महसीर. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याकडच्या नद्यांतून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याला वाहते पाणी आणि खडकाळ तळ लागतो. धरणे झाली आणि दोन्ही आटले. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून त्याची पैदास चालवली आहे. उजनीच्या गाळात त्याची वाट पाहणारा गळकरी संध्याकाळी चिलापीच घेऊन उठतो. ती तिखट-मीठ लावून तव्यावर जाते आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर संपते. मासा धरून सोडण्याची पद्धत इथे कोणी सांगितली तर त्याच्या तब्येतीची विचारपूस होते.

महसीर मात्र चुकून लागलाच तर हात ओला करून, गळ हळूच काढून पाण्यात सोडावा. आणि काळपट, खवल्यांच्या जागी चिलखत ल्यालेला सकर लागला, तर त्याला परत मुळीच सोडू नये. घरातल्या काचेच्या टाक्यांतून सुटून तो उजनीत पोचला आहे, आणि कोळ्यांची जाळी तो फाडतो.