दोनशेपैकी दोनशे चौदा

पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात मुलाखत झटपट उरकते. व्यापारी पोत्यात हात घालतो, मूठभर हिरवी मिरची वर काढतो, देठ बघतो, एखादी मोडतो आणि भाव सांगतो. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतेस, असं मिरचीला कुणी विचारत नाही. तिला अनुभवाचा दाखलाही लागत नाही.

मिरची पिकवणाऱ्याच्या पोराला मात्र सल्ल्यांचा तुटवडा नाही. 'अभ्यास कर, एखादी सरकारी जागा निघेलच.' निघाल्या की! २०२३ साली तलाठ्याच्या ४,६४४ जागा निघाल्या आणि अर्ज आले दहा लाखांवर. फी खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, राखीवला ९००. म्हणजे नोकरी लागो न लागो, सरकारची कमाई पक्की. पुढे निकालात गुणांचं 'सामान्यीकरण' झालं आणि २०० गुणांच्या परीक्षेत एकाला २१४ पडले. नियमानुसारच, असा खुलासाही झाला. तेव्हा बाबांनो, पैकीच्या पैकी मिळवून गाफील राहू नका, वरचे चौदा कोण देणार?

आणि लागलेली नोकरी बदलायची असेल तर आधीच्या साहेबाशी भांडून निघू नका. पुढे कधी त्याच्याकडेच काम पडू शकतं. जालन्याच्या एमआयडीसीत जायचं तर आधी पगाराचा आकडा लेखी घ्या, मग राजीनामा द्या. आणि 'आपली वर ओळख आहे, पाच लाखांत काम होईल' म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.