तो चव आणि ती चव

कोकणी घरात चव हा शब्द दोन्ही लिंगांत चालतो. ती चव जिभेवर असते. तो चव विळीच्या खवणीखाली ताटात पडतो आणि पाडणाऱ्याची कंबर मोडतो. ती चव बिघडली तर वरून तो चव घालावा, हा आमच्या घराण्याचा स्वयंपाकातला एकमेव सिद्धान्त आहे. घराणं मूळचं गुहागरचं, सध्या मुक्काम डोंबिवली, तिसरा मजला, पश्चिमेचं ऊन.

गेल्या मे महिन्यात भावाने गावाहून तीस नारळ पाठवले. असोले. पहिल्या आठवड्यात सोलकढी झाली, दुसऱ्या आठवड्यात वड्या झाल्या, तिसऱ्या आठवड्यात पोह्यांवर इतकं खोबरं पडू लागलं की पोहे शोधावे लागत. तरी बावीस उरलेच. ते दिवाणाखाली होते आणि रात्री पाणी प्यायला उठलं की एकेक करून पायाशी यायचे. शेवटी बायको म्हणाली, "अहो, हे नारळ संपवा, नाहीतर मी माहेरी जाते." ही धमकी मी फार गांभीर्याने घेतली. तिचं माहेर आमच्या गावच्या घरापासून चार मैलांवर आहे. येताना ती आणखी तीस घेऊन आली असती.

त्याच रविवारी एडिंबराहून भाचीचा फोन आला. तिला नारळांची कहाणी सांगितली. ती म्हणाली, "मामा, शॉर्टब्रेड कर की! नारळ घालून. इकडे ट्रॉपिकल फ्लेवर सगळ्यांना फार आवडतो."

"म्हणजे काय असतं त्यात?"

"नारळ, अननस, लिंबाची किसलेली साल. खाल्लं की सुट्टीवर गेल्यासारखं वाटतं."

मी गप्प झालो. शाळेच्या भूगोलाप्रमाणे महाराष्ट्र अख्खाच्या अख्खा कर्कवृत्ताच्या खाली येतो, म्हणजे नंदुरबारची भाकरीसुद्धा ट्रॉपिकल आणि डोंबिवलीचा वडापावही ट्रॉपिकल. या उष्णकटिबंधात मी बत्तीस वर्षं सकाळची फास्ट लोकल पकडली आहे. सुट्टीवर गेल्यासारखं एकदाही वाटलेलं नाही.

पण कृती सोपी होती, आणि निवृत्त माणसाला सोप्या कृतीइतकं घातक दुसरं काही नाही. एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा, सगळं वजनाने. म्हणजे १०० ग्रॅम, २०० ग्रॅम, ३०० ग्रॅम. अंडं नाही, दूध नाही, सोडा नाही. स्कॉटलंडमध्ये पूर्वापार हेच चालत आलंय. बटर महाग असायचं, त्यामुळे हा पदार्थ नव्या वर्षाला किंवा लग्नकार्यालाच व्हायचा. शेटलंड बेटांवर तर नवी नवरी उंबरा ओलांडताना तिच्या डोक्यावर शॉर्टब्रेड फोडायची पद्धत होती, असं भाचीने सांगितलं. आपल्याकडे अशा वेळी नारळ ओवाळून फोडतात. नारळाचं शॉर्टब्रेड केलं तर दोन्हीकडचा शकुन एका फटक्यात झाला असता.

पिठीसाखर, मैदा, बटर आणलं. केकचं सामान मिळतं त्या दुकानात ट्रॉपिकल फ्लेवर मागितला. दुकानदाराने नारळाच्या इसेन्सची इवलीशी बाटली पुढे केली. मी टोपण उघडून वास घेतला आणि थेट १९७५ सालच्या इयत्ता पाचवीत जाऊन बसलो. पुढच्या बाकावर दोन वेण्या, चपचपीत तेल, लाल रिबिनी. पदार्थाचा वास घेताना वेण्या आठवू नयेत. बाटली परत केली. दिवाणाखाली बावीस नारळ असलेल्या माणसाने ती चव बाटलीतून विकत घ्यावी, हे भावाला कळलं असतं तर त्याने वाटणीपत्र काढलं असतं.

आता मूळ मुद्दा. कृतीतलं पहिलंच वाक्य असं: बटर रूम टेंपरेचरला आणून घ्या.

मी फ्रीजमधून बटर काढून ओट्यावर ठेवलं आणि नारळ सोलायला बसलो. अर्ध्या तासाने भाचीचा फोन.

"मामा, बटर आलं का रूम टेंपरेचरला?"

"आलं."

"कसं दिसतंय?"

"वाहतंय."

"वाहतंय म्हणजे?"

"म्हणजे ओट्यावरून खाली निघालंय. अडवू का?"

तिकडे हसण्याचा आवाज आला आणि मग खुलासा झाला. कृती लिहिणाऱ्या बाईंच्या मनातली रूम अठरा-वीस अंशांची असते. तिथे बटर बोटाने दाबलं तर खळगा पडतो, पण आपला आकार सोडत नाही. आमच्या स्वयंपाकघरात त्या वेळी चौतीस अंश होते. बटर साधारण बत्तीस ते पस्तीस अंशांत पार वितळतं. म्हणजे डोंबिवलीच्या मे महिन्यात ते रूम टेंपरेचरला येत नाही, रूम टेंपरेचरला जातं, आणि गेलेलं परत येत नाही. रूम म्हणजे कुणाची रूम, हे पाककृतीच्या पुस्तकांत कायद्याने छापायला लावलं पाहिजे.

पण आता बटर गेलंच होतं, म्हणून त्यातच मैदा ओतला. वर ताज्या नारळाचा दोन वाट्या चव घातला आणि पोळीची कणीक तिंबतात तसा तो गोळा मन लावून तिंबला. चाळीस वर्षं बायकोला कणीक तिंबताना पाहून एवढं तरी आलं पाहिजे. ट्रेमध्ये अंतर राखून वीस गोल मांडले. ओव्हनमध्ये ते एकमेकांच्या ओळखीचे निघाले. दहाव्या मिनिटाला सगळे मिळून एक झाले होते, कडा कोळशासारख्या, मध्ये चिवट रबर. गार झाल्यावर त्या तुकड्याने ओट्यावर टकटक आवाज केला. हा घाणा शेटलंडला गेला असता तर नवरीला टाके पडले असते.

आई खुर्चीत बसून हे सगळं बघत होती. वय ब्याऐंशी. ऐकू कमी येतं, पण स्वयंपाकघरातली चूक तिला बाहेरच्या खोलीतून दिसते. तिने विचारलं, "अरे, ह्याला म्हणतात काय?"

"शॉर्टब्रेड."

"शॉर्ट म्हणजे आखूड ना? हे तर ट्रेभर झालंय."

मी तिला समजावलं, की जुन्या इंग्रजीत शॉर्ट म्हणजे खुसखुशीत, चट्कन तुटणारं. बटर पिठाच्या कणाकणाला लागतं, मग पाणी आत शिरत नाही आणि मैद्यात ती चिवट जाळी तयार होत नाही. एवढं मोठं शास्त्र मी हातवारे करून सांगितलं. आईने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे मोहन."

मोहन! करंजीला घालतात, शंकरपाळ्यांना घालतात, चकलीला घालतात ते. स्कॉटलंडची सगळी पाकविद्या आईने तीन अक्षरांत गुंडाळून कोनाड्यात ठेवली. मग माझी उलटतपासणी झाली. मोहन घातल्यावर पिठाचा मुटका वळून पाहिलास? नाही. पीठ तिंबलंस कशाला? खुसखुशीत व्हायला हवं ते तिंबतात का? नाही. नारळ ओला घातलास? हो. ओल्या नारळात जवळजवळ अर्धं पाणीच असतं, म्हणजे मी एका हाताने पाणी अडवणारं मोहन घातलं आणि दुसऱ्या हाताने पाणी ओतलं. पालिकेच्या रस्त्यांची कामं अशीच होतात, पण त्यांना निदान निविदा काढावी लागते.

दुसऱ्या घाण्याबद्दल फार लिहीत नाही. नवव्या मिनिटाला लाइट गेली.

तिसऱ्या घाण्याची सूत्रं आईने हातात घेतली. अर्ध्या नारळाचा चव तिने मंद आचेवर कढईत परतायला लावला, पार कोरडा होईपर्यंत, रंग मात्र जराही चढू द्यायचा नाही. "खोबरं एका पावलात बदामी होतं आणि दुसऱ्या पावलात काळं," हे तिचं वाक्य. मैद्यातले चार चमचे बाजूला काढून तेवढी तांदळाची पिठी घालायला सांगितली, खुटखुटीतपणासाठी. मी भाचीला फोन केला की आजी पिठी घालायला सांगत्ये, तुमच्या स्कॉटलंडची हरकत नाही ना? ती म्हणाली, "मामा, इकडेही कित्येक जण घालतात." हे ऐकून आईने नुसतं माझ्याकडे पाहिलं. लिंबाची साल किसून घातली. अननस मात्र गाळला. त्याचंही पाणीच सुटतं, आणि एका घाण्यात किती कटिबंध कोंबायचे?

पीठ हलक्या बोटांनी एकत्र आणून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलं. लाटायला बाहेर काढलं की पाच मिनिटांत पुन्हा तेल सुटायला लागायचं. तेव्हा मला एक कल्पना सुचली, आणि माझ्या आयुष्यात सुचलेल्या कल्पनांत तिचा नंबर बराच वर लागेल. घरात अठरा अंशांची एकच रूम होती. बेडरूम. एसी अठरावर टाकला, पलंगावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पोळपाट-लाटणं मांडलं. दारं-खिडक्या बंद. आई शाल पांघरून उशीला टेकून बसली, बायको स्वेटर घालून ट्रे धरून उभी राहिली आणि मी मांडी घालून शॉर्टब्रेड लाटलं. बाहेर माणसं घामाने निथळत होती आणि आमच्या पलंगावर स्कॉटलंड होतं. बटरने आकार सोडला नाही. सुरीने बोटभर लांब तुकडे कापले, काट्याने टोचे मारले, ट्रे धावत ओव्हनपर्यंत नेला. १६० अंशांवर बावीस मिनिटं. एसीचं बिल अजून यायचंय, तो विषय नंतर काढू.

वास सुटला आणि आई एकदम बोलायला लागली. मी लहान असताना मे महिन्यात ती मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत न्यायची. घरोघरी ओव्हन कुठले! भट्टी बेकरीवाल्याची, सामान आपलं. माझं काम पहाऱ्याचं. आपलं तूप दुसऱ्याच्या पिठात जात नाही ना आणि आपला पत्रा दुसऱ्याच्या डब्यात रिकामा होत नाही ना, हे भट्टीच्या तोंडाशी उभं राहून बघायचं. उष्णकटिबंध म्हणजे काय ते मला तिथे कळलं, भूगोलाच्या बाईंनी फक्त नाव सांगितलं.

ट्रे बाहेर आला. फिकट, कडेला जरासे सोनेरी, एकेक वेगळा. दहा मिनिटं हात लावायचा नाही, गरम असताना मोडतात, अशी भाचीची ताकीद होती. ती व्हिडिओवर हजर होती. आईने एक तुकडा उचलला. तो कट्कन तुटला आणि तोंडात विरघळला, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. खोबऱ्याचा कण दाताखाली आला, लिंबाचा वास मागून आला. आम्ही तिघं श्वास रोखून होतो.

"नानकटाई बरी झाल्ये," आई म्हणाली. "वेलची विसरलास."

एडिंबराचा फोन तसाच चालू होता आणि बराच वेळ पलीकडून कोणी बोललं नाही. मी ट्रेकडे पाहिलं. मैदा, स्निग्ध पदार्थ, पिठीसाखर. प्रमाणात थोडा फरक, तुपाऐवजी बटर, बाकी आई म्हणते त्यात खोट काढायला जागा नव्हती. पत्र्याच्या डब्यात भरून ठेवले. दोन दिवस पुरले. पहिल्या घाण्याची वीट खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून लावली आहे, ती उत्तम चालते.

हिशेब असा: पहिल्या घाण्याला एक नारळ लागला, तिसऱ्याला अर्धा. दुसऱ्या घाण्यात मी रुसून नारळ घातलाच नव्हता. दिवाणाखाली वीस शिल्लक आहेत आणि फ्रीजमध्ये अर्धा नारळ झाकून ठेवला आहे. भावाचा काल फोन आला, आणखी पाठवू का विचारत होता. डोंबिवलीत किंवा जवळपास राहत असाल तर कापडी पिशवी घेऊन या. मात्र सोलून मिळणार नाहीत.