एनसी क्लोज होईपर्यंत

निगडी प्राधिकरणात, चिंचवडात दर दोन-चार सोसायट्यांमागे एक क्वालिटीवाले काका सापडतातच. उमेदीची वर्षं भोसरी एमआयडीसीत व्हर्निअर धरण्यात गेली, उरलेली चाकणच्या तळेगाव चौकात, ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कंपनीच्या बसमध्ये. रिटायर झाले, पण तपासणी सुटलेली नाही. काकूंच्या पोळ्यांची जाडी अजून मोजली जात नाही, याचं श्रेय पूर्णपणे काकूंना.

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10चा सपोर्ट थांबवला आणि काकांचा जुना लॅपटॉप काही विंडोज 11च्या अटींत बसेना. हिंजवडीला नोकरीला असलेल्या पुतण्यानं एका रविवारी येऊन उबुंटू टाकून दिलं. वायफाय लागलं, प्रिंटर बोलू लागला, काकूंनी लाइट बिलही भरलं. फक्त सुरू होताना काळ्या स्क्रीनवर एक पांढरी ओळ चमकून जायची.

"काका, हार्मलेस वॉर्निंग आहे. दुर्लक्ष करा."

आजवर काकांना 'दुर्लक्ष करा' म्हणणारे फक्त सप्लायर भेटले होते, आणि त्यांचे टेम्पो काकांनी गेटवरून परत पाठवले होते.

ओळ वाचेपर्यंत गायब. मग काकांनी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं आणि एकेक फ्रेम थांबवत मजकूर वहीत उतरवला: 'एसीपीआय बायोस एरर, कंसात बग, कुड नॉट रिझॉल्व्ह सिंबल', शेवटी 'एई नॉट फाउंड'. खाली दोषाचं मूळ शोधायला माशाचा सांगाडा काढला. मॅन, मशीन, मटेरियल, मेथड. 'मॅन'च्या काट्यावर पुतण्याचं नाव.

"अहो, सुरू होतोय ना?" काकू.

"सुरू होणं हा निकष नाही."

पुतण्यानं फोनवर तोडगा सांगितला: ग्रबच्या फाइलीत 'क्वाएट'शेजारी 'लॉगलेव्हल=3' लिहा, अपडेट-ग्रब चालवा, ओळ दिसणार नाही.

"रिजेक्शनच्या बिनवर पोतं टाकलं की रिजेक्शन कमी होतं का रे?"

याला उत्तर नव्हतं. माझ्या मते कुणाकडेच नाही.

काका 'व्हाय?' विचारत राहिले आणि चौथ्या 'व्हाय'ला मूळ सापडलं. लॅपटॉप बनवणारा बायोसमध्ये हार्डवेअरची यादी देतो. एकच यादी चार मॉडेलांना चिकटवली, की या मॉडेलात नसलेला पार्टही तिच्यात राहतो. लिनक्सचा कर्नल यादी वाचतो, पार्ट शोधतो, मिळाला नाही की तशी नोंद करतो आणि पुढच्या कामाला लागतो. विंडोज असली कुरबुर स्क्रीनवर येऊच देत नाही.

काका खुर्चीत ताठ झाले. "अरे, हा तर इनवर्ड इन्स्पेक्टर आहे! चलनात आहे, गाडीत नाही. शेरा मारलाच पाहिजे!" त्या क्षणापासून उबुंटू त्यांच्या खात्यातला झाला. गुन्हेगार ठरला बायोसवाला. पण त्याच्या साइटवर या मॉडेलला नवं बायोसच नव्हतं. म्हणजे सप्लायरकडून करेक्टिव्ह अ‍ॅक्शन शून्य, आणि एनसी, म्हणजे नॉन-कन्फॉर्मन्सची नोंद, उघडीच.

शेवटी लॅपटॉपच्या झाकणावर पिवळा टॅग लागला: 'डेव्हिएशनवर स्वीकृत'. तपासणाऱ्यानंच मंजुरी द्यायची नसते, म्हणून दुसरी सही काकूंची. त्यांनी कणकेच्या हातानं, न वाचता केली. मुदतीच्या रकान्यात काकांनी 'तीन महिने' लिहिलं आणि पुतण्याला त्या तारखेच्या रिव्ह्यू मीटिंगचं निमंत्रण धाडलं. सकाळी नऊ, पोह्यांसकट.