मोत्याची खाज आणि काकूंचं निदान

"वं माय, तुह्या मोत्याच्या गळ्यातला तो घुंगराचा पट्टा काढून ठेव बरं. रातभर खाजोते अन् रातभर वाजोते. आमच्या यायले तीन वाजता वाटलं, वासुदेवच आला."

तुराट्यांच्या कुडापलीकडून काकू बोलल्या आणि माझ्या हातातला खराटा थांबला. शेंदूरजनाघाटात सकाळी कुडाशी उभं राहिलं की विषय दोनच. संत्र्याची गळ किती झाली आणि बगीचा कोणाचा केवढ्याला गेला. आज मोत्याचा नंबर लागला.

"काय करू काकू, पोळ्यापासून असंच चालू हाये. हे म्हनते कोंबडी बाधली. मामाजी म्हनते उष्णता. दुकानावर एकानं सांगतलं, जळकं ऑईल चोपडा."

"चोपडलं काय?"

"नाही."

"बरं केलं. चाटून पोटात गेलं असतं. वरच्या आळीत एकानं घासलेट लावलं होतं. नाव नाही घेत, पण त्यायच्या पोरीची सोयरीक तुले माहीत हाये. कुत्र्याची चामडी सोलून निघाली अन् खाज होती तेथीच."

सोयरिकीचा धागा लांबणार होता. पण काकूंचा भाचा नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकतो. तो दिवाळीला आला की गल्लीतली सगळी जनावरं तपासून जातो आणि मग वर्षभर काकू डॉक्टर असतात.

"खाजोते कुठं, ते सांग पयले."

"सगळीकडंच."

"सगळीकडं नसते. आन त्याले इकडं."

मोत्या आला. काकूंनी कुडाच्या फटीतून हात घालून त्याच्या शेपटीच्या बुडाशी केस फाकवले. तिथले केस विरळ झालेले, कातडी लालबुंद आणि केसांच्या मुळाशी मिरपुडीसारखे काळे कण. काकूंनी देवघरातली कापसाची वात मागवली, पाण्यात भिजवली आणि दोन-चार कण तिच्यावर घेऊन दाबले. कणांभोवती विटकरी लाल डाग पसरला.

"माती असती तं मातकट झालं असतं. हे रगत हाये. मोत्याचंच. पिसवायनं पिलं अन् तिथंच हगलं."

"पण मले तं एक बी पिसू दिसली नाही."

"दिसन कशी? दिवसभर कुरतडून कुरतडून तोच खाऊन टाकते. अन् ॲलर्जी पिसवेच्या लाळेची असते. ज्याले ती हाये त्याले एक-दोन चावे पुरते. आमच्या बगीच्यातल्या कुत्र्यावर शंभर असतीन, तो आरामात झोपते."

मग काकूंनी बाकीचे संशयित निकाली काढले. पंजे चाटत असता, कान, काखा, पोट लाल असतं, तर दोष हवेतल्या धुळीचा, बुरशीचा, परागांचा. ती खाज बहुधा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या वयात सुरू होते. आमचा मोत्या सहा वर्षांचा. (पन्नासच्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलेलं गाजरगवत आता आमच्या धुऱ्यावर कमरेइतकं आहे. ते उपटताना माणसांचे हात खाजतात, तेव्हा मला त्याचाच संशय होता.) कानांच्या कडा खरबरीत असत्या आणि घरातल्या पोरांच्या हातावरही पुरळ असती तर खरूज. तिच्यासाठी कातडी खरडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. न बघता स्टेरॉइडची गोळी दिली तर खाज दबते आणि खरूज माजते.

"अन् कोंबडी?"

"खान्याची खाज बारमाही असते, ते पोळा पाहून सुरू नाही होत. तरी पाहाचं असन तं आठ हप्ते त्यानं जे कधीच नाही खाल्लं तेच द्या लागते. मधात कायी नाही. बिस्कुट बी नाही."

म्हणजे मामाजींच्या बशीतलं चहात बुडवलेलं अर्धं बिस्कीट आठ आठवडे बंद! मोत्याचं सोडा, मामाजी उपाशी राहिले असते. पिसवाच निघाल्या याचा मला खरंच आनंद झाला.

"मंग आमचे हे म्हनत होते, बगीच्यातलं फवारनीचं औषध पातळ करून..."

"येडे झाले काय? संत्र्याची गळ झाली की तुहे हे फळ हातात घेऊन पायतात ना, देठ कुजला, पतंगानं टोचलं, का पान्याचा ताण बसला? मंग कुत्र्यालेच कावून बिनापायता फवारा? वजन करा, जनावरायच्या डॉक्टरकडून त्या वजनाची गोळी घ्या. अन् आपल्या दुखन्याची गोळी चुकून बी नाही. तोवर थंड पान्यानं आंघोळ घाल, पण आपलं साबन नको."

"एका गोळीनं भागन?"

"कुत्र्यावर दिसते ते थोडं. अंडी, कोश सगळे गोनपाटात अन् ओसरीच्या भेगायमंधी. कोशातली पिसू महिने न् महिने दम धरून बसते. गोनपाट उकळत्या पान्यात टाक, भेगा रोज झाड, अन् औषध तीन महिने तरी चालू ठेव. घरात जेवढी जनावरं हायेत तेवढ्यायले एकाच टायमाले. फक्त मांजरीले कुत्र्याचं औषध लावू नको. परमेथ्रीन असन तं मरते ते."

"आमच्या घरी मांजर कुठं हाये काकू?"

"तेच म्हन्तो, भाचा सांगे, कुत्र्याच्या अंगावर सापडते ते बी बहुतेक मांजरपिसूच..."

काकू मध्येच थांबल्या. मोत्याच्या गोणपाटावर, आमच्या ओसरीत, काकूंची पिवळी मांजर पाय ताणून झोपली होती. ती पोळ्याच्या आधीपासून तिथंच झोपते. मी काही बोलले नाही, नुसतं पाहिलं.

"थांब वं माय, दूध ठेवलं होतं गॅसवर," म्हणत काकू आत पळाल्या.

दूधवाला अजून आमच्या गल्लीत यायचा होता.