कानसेन

कानसेन ही जमात पूर्वी सवाई गंधर्वच्या मंडपात भारतीय बैठकीवर सापडायची. मांडीवर ठेका, डोळे अर्धे मिटलेले आणि शेजारचा नुसता खोकला तरी कपाळाला आठी. आता ती कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, खिडकीला डोकं टेकून बसलेली सापडते. आपल्याला वाटतं, गडी झोपलाय. तो झोपलेला नसतो. देहाने तो चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये असतो आणि कानाने ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या जगात. तिथल्या सोळा वर्षांच्या राणीला कुणीतरी साठीच्या आत्याबाईंचा आवाज दिला म्हणून तो आतल्या आत चरफडत असतो.

आमच्या सोसायटीतले कानसेन पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे आहेत. कानात न घालता कानापुढच्या हाडावर बसवायचा हेडफोन ते वापरतात. त्यातून गोष्टही ऐकू येते आणि समोरच्याचं बोलणंही, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या गोष्टीचा पुरावा अजून कुणाला मिळालेला नाही. दूधवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांच्यापुढे आधी हात हलवतात, मग बोलतात. त्यांचा प्रांत एकच: इंग्रजीतल्या लांबच लांब फँटसी मालिकांची ऑडिओबुकं. जादूगार, ड्रॅगन, हरवलेले राजपुत्र आणि नकाशाशिवाय समजणार नाहीत असे प्रदेश. नकाशा असतो पुस्तकात आणि कानसेनांनी पुस्तक कधी पाहिलेलंच नसतं. त्यामुळे कुठलं राज्य उत्तरेला आणि कुठलं दक्षिणेला, हे त्यांना आजतागायत ठाऊक नाही. कुठल्या राजाचा आवाज कितव्या खंडात बदलला, हे मात्र झोपेतून उठवून विचारा.

त्यांच्या लेखी लेखक म्हणजे कच्चा माल पुरवणारा इसम. ‘व्हील ऑफ टाइम’ कुणाचं, असं विचारलं तर रॉबर्ट जॉर्डन हे नाव त्यांच्या तोंडून येतच नाही. "मायकेल क्रेमर आणि केट रीडिंगचं," ते सांगतात. मग पुराव्यानिशी शाबीत करतात. मालिका चौदा खंडांची. जॉर्डन २००७ साली वारला. शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसनने पुरे केले. "लेखक गेला, दुसरा आला, कुणाचं काही अडलं? नाही अडलं. का? तर वाचणारी माणसं तीच होती!" यावर काय बोलणार?

क्रेमर आणि केट हे नवराबायको. पुरुष पात्रांच्या नजरेतून चालणारी प्रकरणं तो वाचतो, बायकांच्या नजरेतली ती वाचते. कानसेनांना या जोडप्याबद्दल फार जिव्हाळा. केटला ते ‘केटवहिनी’च म्हणतात. एकाच पात्राचं नाव क्रेमर एका पद्धतीने उच्चारतो आणि केटवहिनी दुसऱ्या, शिवाय पुढच्या खंडात दोघंही तिसऱ्याच पद्धतीने. दुसऱ्या कुणी केलं असतं तर कानसेनांनी कंपनीला पत्र धाडलं असतं. इथे ते म्हणतात, "चालायचंच. संसार आहे." त्यांच्या स्वतःच्या घरातल्या वहिनींनी एकदा शांतपणे विचारलं होतं, "आणि भांडी कुणाच्या नजरेतून घासतात, हो?"

वहिनींना मात्र या छंदाविषयी खरी तक्रार नाही, आणि त्यामागे कारण आहे. कानसेनांना नुसतं बसून ऐकता येत नाही. हात रिकामे असले की मन भरकटतं, आणि मन भरकटलं की कुठल्या तरी राजघराण्यातला एखादा चुलता निसटतो. म्हणून ते ऐकताना काम करतात. लसूण सोलतात, मेथी निवडतात, गवारीच्या शिरा काढतात, वालाची डाळिंबीसुद्धा सोलतात. ‘व्हील ऑफ टाइम’चं श्रवण चारशे तासांच्या वर जातं. या चारशे तासांत त्या घरात जी क्रांती झाली ती माझ्या डोळ्यांदेखत झाली. माळा निघाला. पंख्यांची पाती पुसली गेली. लग्नातली न उघडलेली स्टीलची भांडी उघडून, नावं वाचून, पुन्हा बांधून ठेवली गेली. वहिनी त्या काळातल्या घडामोडी खंडांवरून सांगतात. "फ्रीज डीफ्रॉस्ट केला ना, तेव्हा ह्यांचं ते चौथं चाललं होतं." एका संध्याकाळी मी गेलो तेव्हा कानसेन ओट्यापाशी उभे होते. हातात सोललेली पाकळी, नखाला सालीचा पापुद्रा चिकटलेला, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, शेजारी कांदा चिरलेला असेल. कांदा नव्हता. कुणाचा तरी घोडा मेला होता. "क्रेमरने काय मारलाय हो तो घोडा," एवढंच म्हणाले आणि पुढची पाकळी घेतली.

नॅरेटर मधेच बदलणं हे त्यांच्या दृष्टीने महापाप. ‘ड्रेस्डेन फाइल्स’ ही शिकागोतल्या एका जादूगार-डिटेक्टिव्हची मालिका जेम्स मार्स्टर्स वाचतो. २०११ साली ‘घोस्ट स्टोरी’ या भागाच्या वेळी त्याच्या तारखा जुळेनात, म्हणून जॉन ग्लोव्हरकडून वाचून घेतलं. श्रोत्यांनी असा काही गदारोळ केला की पुढे तोच भाग मार्स्टर्सच्या आवाजात पुन्हा काढावा लागला. त्या भागात नायक मेलेला असतो आणि भूत होऊन हिंडतो. मी म्हटलं, "मेल्यावर माणसाचा आवाज थोडा बदलत असेल." त्यानंतर बरेच दिवस कानसेन माझ्याशी लिफ्टमध्ये बोलत नव्हते. हेडफोनमुळे की रागामुळे, ते कळायला मार्ग नव्हता.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’बाबत ते रॉब इंग्लिस घराण्याचे. १९९० चं ते रेकॉर्डिंग. इंग्लिस त्यातली गाणी चक्क गाऊन म्हणतो. सिनेमात गॉलम झालेला अँडी सर्किस २०२१ साली तेच पुस्तक घेऊन आला आणि तरुण मंडळी तिकडे वळली, याचं त्यांना दुःख आहे. "तो नट आहे हो, नट! इंग्लिस कसा, शेकोटीपाशी बसून सांगतोय." गाण्यांचा त्यांना एवढा अभिमान, पण एकदा त्यांच्या गाडीतून जाताना पुस्तकातला टॉम बॉम्बाडिल गायला लागला आणि कानसेनांचा अंगठा आपोआप तीस सेकंद पुढे ढकलायच्या बटणावर गेला. गाणं संपेपर्यंत तो तिथेच टकटक करत होता.

त्यांचा भाचा न्यू जर्सीत असतो. तो उन्हाळ्यात आला की घरात हॅरी पॉटरवरून यादवी माजते. अमेरिकेतल्या आवृत्त्या जिम डेलने वाचल्या, ब्रिटनमधल्या स्टीफन फ्रायने. पोरगं डेलवर वाढलेलं. डेलने शेवटच्या पुस्तकात १४६ वेगवेगळे आवाज काढून गिनीज बुकात नाव नोंदवलं, असं त्याने सांगितलं. "आवाज १४६ आणि हर्मायनी मात्र सगळ्यांत रडकी," मामांनी निकाल दिला. भांडण तिथेच मिटलं असतं, पण पोरगं सगळं दुप्पट वेगाने ऐकतं हे मामांना समजलं. ते घाव बसल्यासारखे खुर्चीत टेकले. "अरे, किशोरीताईंचा भूप दुपटीने ऐकशील का?" पोराने विचारलं, "दुपटीने संपतो का?"

पण खरी जखम रॉय डॉट्रिसची. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची पुस्तकं या ब्रिटिश नटाने वाचली. पहिल्या पुस्तकात २२४ आवाज. तोही गिनीजमध्ये नोंदलेला विक्रम. चौथं पुस्तक आलं तेव्हा तो मोकळा नव्हता आणि जॉन ली याने वाचलं. तो काळ कानसेन ‘मधली भानगड’ म्हणून उल्लेखतात. पाचव्याला, २०११ मध्ये, डॉट्रिस परतला तेव्हा तो अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता. मधे काही वर्षं गेलेली, कुणाला कुठला आवाज दिला होता हे कोण लक्षात ठेवणार? राणीच्या आत्याबाई झाल्या त्या तेव्हा. ब्रिएनचं ‘ब्रायीन’ झालं. जगभरच्या श्रोत्यांनी बोटं मोडली. कानसेनांनीही मोडली, पण कुणी तिऱ्हाइताने डॉट्रिसला नाव ठेवलं की ते अंगावर जातात. "अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तुमचे आजोबा नातवंडांची नावं तरी बरोबर घेत होते का?"

ऑक्टोबर २०१७ मध्ये डॉट्रिस वारला, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. त्या दिवशी कानसेन बाल्कनीत हेडफोनशिवाय बसले होते. तसं त्यांना कुणी पाहिलेलंच नसल्यामुळे समोरच्या लेलेकाकू काळजीने येऊन गेल्या. "कोण गेलं?" "डॉट्रिस." काकूंना वाटलं, ऑफिसातले वरिष्ठ. "वय?" "चौऱ्याण्णव." "सोनं झालं म्हणायचं. मागे कोण?" "सहावा खंड," कानसेन म्हणाले. तो सहावा खंड अजून आलेला नाही. जॉर्ज मार्टिन लिहितच आहेत. आला तरी वाचणार कोण, हा प्रश्न कानसेनांनी स्वतःपुरता निकालात काढलाय: ते ऐकणार नाहीत. म्हणजे असं म्हणतात. आला की पहिल्या रात्री ऐकतील आणि दुसऱ्या दिवशी शिव्या देतील, यावर मी पैज लावायला तयार आहे.

आवडत्यांत पहिला नंबर स्टीव्हन पेसीचा. जो अ‍ॅबरक्रॉम्बीच्या ‘फर्स्ट लॉ’ मालिकेत ग्लॉक्टा नावाचा एक छळाधिकारी आहे. स्वतः छळ सोसून दात गमावलेला, बोबडा, कडवट, आणि मनातल्या मनात भयंकर विनोदी. पेसी त्याचं उघड बोलणं बोबडं वाचतो आणि मनातलं बोलणं स्वच्छ. ही करामत मी ऐकली आहे आणि कानसेनांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. छापील पानावर हे जमणार नाही. कानसेनांचं रूट कॅनल झालं तेव्हा अर्धा जबडा बधिर घेऊन ते थेट सोसायटीच्या सभेला आले आणि पार्किंगच्या विषयावर ग्लॉक्टाच्या आवाजात बोलले. सेक्रेटरींनी घाबरून त्यांना कोपऱ्यातली जागा देऊन टाकली.

हिशेब मात्र अस्सल पुणेरी. महिन्याला १९९ रुपये वर्गणी, त्यात एक पुस्तक. सत्तावन्न तासांचं पुस्तक घेतलं तर तासाला साडेतीन रुपये पडतात. सहा तासांचं घेतलं तर तेहतीस. म्हणून छोटी पुस्तकं, ती कितीही चांगली असोत, कानसेन घेत नाहीत. एका नोबेलविजेत्याची कादंबरी त्यांनी केवळ पाच तासांची निघाली म्हणून परत ठेवली.

या कानांमुळे त्यांना बाहेरच्या जगात वावरणं अवघड होत चाललंय. दुसऱ्या मजल्यावर वास्तुशांत होती, सत्यनारायणही होता. गुरुजींनी पाचही अध्याय एका दमात उरकले. शिऱ्याचा द्रोण हातात घेऊन कानसेन त्यांच्याजवळ सरकले. "गुरुजी, राग मानू नका. पण साधुवाणी, त्याचा जावई आणि दंडी संन्यासी तिघंही एकाच आवाजात बोलतात. होडीत काय आहे विचारल्यावर तो ‘वेली आणि पानं’ सांगतो ना, तिथे जरा बेरकी छटा हवी होती." गुरुजी पंचपात्र पिशवीत टाकत म्हणाले, "साडेअकराला बाणेरला पूजा आहे. तिथल्या साधुवाण्याला देतो छटा."

त्यांची चेष्टा करावी तेवढी थोडी, पण एका बाबतीत मी त्यांच्या बाजूचा. आवाज पुस्तकावर कब्जा करतो हे मराठी माणसाला कुणी परदेशातून शिकवायला नको. वपुंची कथा आज मनात वाचतानाही वपुंच्याच आवाजात ऐकू येते. द. मा. मिरासदार आणि शंकर पाटलांचं कथाकथन ऐकलेल्यांना त्यांची छापील गोष्ट नुसती वाचताच येत नाही. तेव्हा लेखकच नॅरेटर होता, म्हणून भांडणं झाली नाहीत एवढंच. नाथमाधवांचं ‘वीरधवल’ कुणीतरी तब्येतीने, दमदार आवाजात सलग वाचावं, मी लसूण घेऊन बसेन, असं कानसेन म्हणतात, आणि मला ती मागणी रास्त वाटते.

सध्या परिस्थिती गंभीर आहे. सँडरसनच्या ‘स्टॉर्मलाइट’चा पाचवा खंड डिसेंबर २०२४ मध्ये आला, क्रेमर-केटवहिनींच्या आवाजात साठ तासांच्या वर चालला, आणि संपला. सहाव्याला पुष्कळ वर्षं आहेत. कानसेन रिकाम्या हातांनी फिरतात. वहिनींनी स्वतः शोधाशोध करून प्रॅचेटचं ‘डिस्कवर्ल्ड’ सुचवलं. एकेचाळीस कादंबऱ्या, म्हणजे दोन-तीन दिवाळ्या सहज निघाल्या असत्या. पण जुन्या रेकॉर्डिंगमध्ये नायजेल प्लॅनर जाऊन पुढे स्टीफन ब्रिग्ज येतो, आणि नव्यात एकेका उपमालिकेला वेगळा नॅरेटर, वर तळटिपा वाचायला बिल नाय. "तळटिपांना वेगळा माणूस!" म्हणत ते दोन दिवस खूश होते, पण अखेर नकारच दिला.

तेव्हा वाचकांना विनंती. निदान दहा खंडांची, अथपासून इतिपर्यंत एकाच नॅरेटरने वाचलेली आणि लेखकाने पुरी केलेली एखादी फँटसी मालिका माहीत असेल तर कृपया कळवा. गाणी कमी असली तर उत्तम. दिवाळी तोंडावर आली आहे आणि वहिनींचा माळा अजून काढायचा आहे.